शिकारीचं रान ते अभयारण्य : दाजीपूरची गोष्ट

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या एका शिबिरात आमची दाजीपूरच्या जंगलावर चर्चा चालली होती. तेव्हा एका शिक्षकांनी आपल्या वर्गातला प्रसंग सांगितला. फळ्यावर त्यांनी नेहमीचं वाक्य लिहिलं होतं : 'दाजीपूर हे महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य, स्थापना १९५८.' आठवीतल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, "सर, महाराष्ट्र राज्य १९६० साली झालं. मग त्याचं पहिलं अभयारण्य दोन वर्षं आधीच कसं झालं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून हे वाक्य आपण वर्षानुवर्षं पाठ करून घेतो, पण त्यात दडलेली विसंगती आपल्या लक्षात येत नाही. १९५८ साली हा भाग मुंबई राज्यात होता. आज महाराष्ट्रात असलेलं ताडोबा त्याच्याही आधी, १९५५ साली, राष्ट्रीय उद्यान झालं होतं. पण तेव्हा चंद्रपूर जिल्हा मध्य प्रदेशात होता. म्हणून 'पहिलं' हा शब्द जपून वापरायला हवा. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीतलं पहिलं राष्ट्रीय उद्यान ताडोबा, आणि पहिलं अभयारण्य दाजीपूर, असं म्हणणं अधिक नेमकं.

पण या प्रश्नाच्या मागे आणखी एक मोठा प्रश्न आहे. अभयारण्य जाहीर करायला आधी तिथे अरण्य असावं लागतं. सरकारने १९५८ साली कागदावर सही केली, पण तोपर्यंत हे जंगल कुणी राखलं? कशासाठी राखलं? आणि त्याची किंमत कुणी दिली?

पावसाचा नकाशा

उत्तराची सुरुवात भूगोलापासून करावी लागते. कोल्हापूर जिल्हा पूर्व-पश्चिम फार रुंद नाही, पण त्यात पावसाचा उतार विलक्षण आहे. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण १००० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून फोंडा घाटाच्या रस्त्याने नैर्ऋत्येला राधानगरीवरून दाजीपूरला जावं, तर पाऊस तिपटी-चौपटीने वाढतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडे मात्र तो शहरापेक्षाही कमी होतो.

पश्चिमेकडच्या या मुसळधार पावसाने सह्याद्रीच्या माथ्यावरची जमीन धुऊन काढली आणि खाली जांभा दगड उरला. जांभ्याच्या अशा सपाट उघड्या पठाराला इकडे 'सडा' म्हणतात. सड्यावर मातीचा थर जेमतेम, म्हणून तिथे गवत आणि पावसाळी फुलझाडं वाढतात. सड्यांच्या मधल्या दऱ्याखोऱ्यांत माती आणि ओल टिकते, म्हणून तिथे अंजनी, जांभूळ, हिरडा अशा झाडांचं निमसदाहरित जंगल उभं राहतं. गवत आणि दाट झाडी अशी शेजारीशेजारी असणं गव्यासारख्या मोठ्या चरणाऱ्या प्राण्याला फार सोयीचं असतं. चरायला सडा, लपायला आणि रवंथ करायला रान.

माणसाच्या दृष्टीने मात्र ही जमीन अवघड होती. उतारावर नाचणी-वरीची फिरती शेती होई, खोऱ्यात भात पिके. पण नांगर सहज चालावा असं मोठं क्षेत्र नव्हतं. हा मुद्दा लक्षात ठेवू या, कारण पुढे तो महत्त्वाचा ठरणार आहे.

राजाचं रान

हा सगळा मुलूख कोल्हापूर संस्थानाचा होता आणि दाजीपूरचं जंगल छत्रपतींचं शिकारीचं राखीव रान होतं. राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ ते १९२२ या काळात राज्य केलं. शिक्षण आणि सामाजिक न्यायाच्या क्षेत्रातलं त्यांचं काम आपल्याला माहीत आहे : १९०२ साली मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखीव, १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा. हेच महाराज कुस्तीचे आणि शिकारीचेही मोठे शौकीन होते.

या जंगलाच्या कुशीतच त्यांनी आपला सर्वांत मोठा पाटबंधारे प्रकल्प उभारायला घेतला. १९०८ च्या सुमारास भोगावती नदीच्या काठी नवं गाव वसवलं गेलं. महाराजांच्या कन्या राधाबाई, म्हणजे अक्कासाहेब, यांच्या नावावरून त्याचं नाव राधानगरी पडलं. जवळच धरणाचं काम सुरू झालं. पैशाअभावी ते मध्येच थांबलं आणि पूर्ण व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. त्या जलाशयात एका उंचवट्यावर 'बेनझीर व्हिला' नावाने ओळखल्या जाणाऱ्या राजनिवासाचे अवशेष आहेत. भोवती पाणी, पलीकडे जंगल. धरण, राजनिवास आणि शिकारीचं रान या तिन्ही गोष्टी एकाच खोऱ्यात होत्या, हे विसरता कामा नये.

शिकारीचं रान राखणं म्हणजे नेमकं काय? ज्याला मोठं जनावर मारायचं आहे, त्याला ते जनावर जगवावंही लागतं. त्यासाठी चारा, पाणी आणि आडोसा हवा. म्हणजे जंगल तोडून चालत नाही. म्हणून राजाखेरीज इतरांना शिकारीची बंदी, लाकूडतोडीवर नियंत्रण आणि राखणीला माणसं, अशी व्यवस्था संस्थानी मुलखात सर्वत्र दिसते. आजच्या अभयारण्याशी या नियमांचं साम्य चटकन लक्षात येईल.

फरक हेतूत होता, आणि हेतूचा परिणाम जंगलावर होतो. शिकारी सगळ्यात मोठा, मोठ्या शिंगांचा नर निवडतो. निसर्गातला शिकारी प्राणी बहुतेक वेळा पिल्लू, म्हातारं किंवा दुबळं जनावर गाठतो. दुसरं असं की वाघ, बिबट्या, रानकुत्रा हे शिकाऱ्याचे भागीदार ठरतात. म्हणून त्या काळी देशभर त्यांना मारणं हे पुण्यकर्मच समजलं जाई. रानकुत्र्यांच्या कातड्यांवर तर सरकारी बक्षिसं असत. म्हणजे शिकारीच्या रानात झाडं आणि चरणारे प्राणी राखले जात, पण अन्नसाखळीचं वरचं टोक छाटलं जाई. असं जंगल हिरवं दिसतं, पण ते पूर्ण नसतं.

या रानाचं खरं ज्ञान ज्यांच्याकडे होतं, त्यांचाही उल्लेख केला पाहिजे. फासेपारधी समाजातल्या लोकांना जनावरांच्या वाटा, पाणवठे आणि सवयी तोंडपाठ असत. इंग्रजी कायद्याने त्यांच्यावर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता आणि त्यांना रोज हजेरी द्यावी लागे. शाहू महाराजांनी त्यांना आपल्याजवळ आणलं, राखणीची कामं दिली आणि १९१८ साली हजेरीची पद्धत बंद केली. पण संस्थानच्या जंगलाविषयी जे लिहिलं जातं, त्यात अशा लोकांना काय ठाऊक होतं याची नोंद फारशी सापडत नाही.

जे रान उरलं नाही

कोल्हापूरच्या राजांचं शिकारीचं रान एकच नव्हतं. पूर्वेकडच्या सपाट माळरानांवर काळविटांचे कळप असत आणि त्यांची शिकार माणसाळवलेले चित्ते सोडून केली जाई. चित्ते सांभाळणारे लोक त्यासाठी पदरी होते. हिंदुस्थानातले रानटी चित्ते कमी होत गेले तेव्हा कोल्हापूरने आफ्रिकेतून चित्ते आणवले. ही प्रथा राजाराम महाराजांच्या काळातही, म्हणजे १९३० च्या दशकातही, चालू होती. भारतातले शेवटचे तीन चित्ते १९४७ साली मध्य भारतात मारले गेले असं मानलं जातं आणि १९५२ साली हा प्राणी देशातून नाहीसा झाल्याचं सरकारने जाहीर केलं.

आता विचार करा. राजा एकच, शिकारीची आवडही तीच. मग पश्चिमेकडचं जंगल अभयारण्य झालं आणि पूर्वेकडचं माळरान का नाही झालं? कारण माळ नांगरता येतो. विहिरी, बंधारे आणि कालवे आले, तसा माळाचा ऊस झाला. गंमत अशी, की ते पाणी पश्चिमेकडच्या जंगलातूनच आलं. शिवाय गवताळ माळाला आपण 'पडीक' म्हणतो. झाडं असतील तरच ते रान, अशी आपली समजूत. तेव्हा दाजीपूर टिकलं याचं श्रेय केवळ राजाच्या इच्छेला देता येत नाही. जिथे राजाची इच्छा आणि जमिनीचा अवघडपणा एकत्र आले, तिथेच जंगल उरलं.

मधली नऊ वर्षं

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. तेव्हाचे छत्रपती शहाजी महाराज हे दत्तक आलेले. ज्यांच्या नावाने राधानगरी वसली, त्या अक्कासाहेबांचे ते पुत्र. विलीनीकरणाबरोबर राजाचं शिकारीचं रान सरकारी जंगल झालं. १९५८ साली ते 'दाजीपूर गवा अभयारण्य' झालं. मध्ये नऊ वर्षं गेली.

अशा मधल्या काळात काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण युरोपात आहे. आजच्या पोलंड आणि बेलारूसच्या सीमेवर बियालोविएझा नावाचं प्राचीन जंगल आहे. ते पोलंडच्या राजांचं आणि नंतर रशियाच्या झारचं शिकारीचं रान होतं. तिथे युरोपीय बायसन शतकानुशतकं राखले गेले होते. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्यांची संख्या सातशेच्या आसपास होती. युद्धात झारची सत्ता गेली, राखणदार गेले. सैनिकांनी आणि चोरट्या शिकाऱ्यांनी मांसासाठी जनावरं मारली. १९१९ पर्यंत त्या जंगलात एकही बायसन उरला नाही. १९२७ साली कॉकेशस पर्वतातला शेवटचा रानटी बायसनही मारला गेला. प्राणिसंग्रहालयांत साठाहून कमी जनावरं उरली होती, म्हणून जात वाचली. त्यांच्यापासून पैदास करून १९५२ साली बायसन पुन्हा त्या जंगलात सोडले गेले. आजचे सगळे युरोपीय बायसन अवघ्या बारा पूर्वजांचे वंशज आहेत.

एका माणसाच्या सत्तेवर टिकलेलं रान ती सत्ता गेल्यावर किती लवकर रिकामं होतं, हे यातून दिसतं. आपल्याकडेही स्वातंत्र्यानंतरच्या काही वर्षांत अनेक संस्थानी जंगलांत मोटारी, बंदुका आणि कुऱ्हाडी एकदमच शिरल्या. दाजीपूरचे गवे या काळातून पार पडले. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य प्राणी आणि पक्षी संरक्षणाचा कायदा केला होता. सगळ्या देशासाठीचा वन्यजीव कायदा मात्र १९७२ साली आला.

बायसन नव्हे, रेडाही नव्हे

ज्या प्राण्यासाठी हे अभयारण्य झालं, त्याच्या नावाचा घोळ अजून संपलेला नाही. इंग्रज शिकाऱ्यांनी गव्याला 'इंडियन बायसन' म्हटलं आणि ते नाव पाट्यांवर, पुस्तकांत राहिलं. बायसन अमेरिकेत आणि युरोपात आढळतो. त्याच्या डोक्या-मानेवर दाट केस असतात. आपल्याकडे लोक 'गवारेडा' म्हणतात, पण गवा रेड्याच्या, म्हणजे म्हशीच्या, कुळातलाही नाही. त्याचं शास्त्रीय नाव 'बॉस गॉरस'. गाय-बैल याच 'बॉस' प्रजातीतले. म्हणजे गवा हा आपल्या गाईचा रानातला भाऊबंद. ईशान्य भारतातला 'मिथुन' हा गव्याचाच पाळीव अवतार समजला जातो.

पूर्ण वाढलेला नर खांद्याशी सहा फुटांपर्यंत उंच आणि वजनाने हजार किलोपर्यंत भरतो. पाठीवरचा उंचवटा चरबीचा नसतो. पाठीच्या मणक्यांची वरची टोकं लांब असतात आणि त्यांना जोडलेले स्नायू तो उंचवटा घडवतात. पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा रंग ही त्याची सहज ओळख. कळप माद्या आणि पिल्लांचा असतो. मोठे नर बऱ्याचदा एकेकटे फिरतात.

गाईशी असलेलं हे नातं गव्याला महागातही पडतं. गाईगुरांचे रोग त्याला होतात. बुळकांडी हा त्यांतला सर्वांत भयंकर रोग. १९६० च्या दशकात दक्षिण भारतात बुळकांडीने गव्यांचे कळपच्या कळप मारले होते. लसीकरणामुळे हा रोग आटोक्यात आला आणि २०११ साली जगातून संपल्याचं जाहीर झालं. पण लाळ्या-खुरकूत आहेच. म्हणून अभयारण्याच्या कडेच्या गावांतल्या गुरांना लस टोचणं हे जसं शेतकऱ्याच्या हिताचं, तसंच गव्याच्या रक्षणाचंही काम आहे.

एका प्राण्यापासून खोऱ्यापर्यंत

१९८५ साली अभयारण्याची हद्द वाढवून ती ३५१.१६ चौरस किलोमीटर करण्यात आली आणि नावही बदललं : राधानगरी वन्यजीव अभयारण्य. या नावबदलात विज्ञानाच्या विचारातला बदल दिसतो. १९५८ साली एक प्राणी वाचवायचा होता. १९८५ पर्यंत हे कळलं होतं, की एकटा प्राणी वाचवता येत नाही. त्याचं रान, त्याचे भक्षक, कीटक, नदीचा उगम असं सगळंच राखावं लागतं. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हटलं. त्यांत महाराष्ट्रातली चार आहेत : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. अलीकडे राधानगरीत लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांत वाघाचीही छबी टिपली गेली आहे. उत्तरेला चांदोली-कोयना आणि दक्षिणेला तिलारी-गोव्याची जंगलं यांना जोडणारी ही साखळीतली कडी आहे. अन्नसाखळीचं छाटलेलं टोक परत यायचं, तर ते याच वाटेने येईल.

आज अभयारण्य दोन जलाशयांच्या मध्ये आहे : भोगावतीवरचं राधानगरी आणि दूधगंगेवरचं काळम्मावाडी. जंगलाची जमीन पावसाचं पाणी मुरवते, झरे पुढे महिनोन्‌महिने वाहते ठेवते आणि धरणात येणारा गाळ कमी करते. भोगावती पुढे पंचगंगेला मिळते. कोल्हापूर शहराला २०२३ पासून काळम्मावाडीचं पाणी थेट नळाने येऊ लागलं आहे. तेव्हा शहरातल्या वर्गात हा धडा शिकवताना मुलांना नळ दाखवून सुरुवात केली तरी चालेल.

किंमत कुणी दिली?

आता उरलेला, आणि सर्वांत अवघड, प्रश्न. राजाच्या काळी रानाच्या हद्दीवर जी गावं होती, ज्या गवळी-धनगरांच्या वाड्या होत्या, त्यांना शिकारीची बंदी होती आणि जनावरांनी पीक खाल्लं तरी हात चोळत बसावं लागे. आज राजा नाही. हद्द मात्र आहे, आणि तिच्या कडेला तेच लोक आहेत. पूर्वी त्यांना 'हे महाराजांचं आहे' असं सांगितलं जाई, आता 'हे राष्ट्राचं आहे' असं सांगितलं जातं. गवताचा भारा आणायला गेलेल्या बाईला दोन्हींत फारसा फरक जाणवत नाही.

दुसऱ्या एका राजाच्या रानात काय घडलं ते पाहू. राजस्थानातलं भरतपूर हे महाराजांचं पाणपक्ष्यांच्या शिकारीचं ठिकाण. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या शिकारीत एका दिवसात ४२७३ पक्षी पडले. पुढे ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८२ साली तिथे म्हशींना चरायला बंदी झाली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात काय आढळलं? म्हशी बंद झाल्यावर पाण्यातलं गवत बेसुमार वाढलं, उघडं पाणी कमी झालं आणि पक्ष्यांनाच जागा अपुरी पडू लागली. ज्या म्हशींना पक्ष्यांचा शत्रू समजलं होतं, त्या तळं मोकळं ठेवत होत्या.

यावरून दाजीपुरातही चराई खुली करा, असा निष्कर्ष काढणं चूक ठरेल. तळं वेगळं आणि सडा वेगळा. शिवाय गुरांचे रोग गव्यांना होतात हे आपण पाहिलंच. निष्कर्ष एवढाच, की कुठल्या वापराने रान बिघडतं आणि कुठल्या वापराने ते टिकतं हे मोजून ठरवायचं असतं, आणि मोजताना तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना विचारायचं असतं. कायद्यातही याला वाव आहे. राष्ट्रीय उद्यानात चराई आणि खासगी हक्क चालत नाहीत. अभयारण्यात काही हक्क परवानगीने चालू राहू शकतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने या हक्कांना अधिक स्पष्ट आधार दिला.

किंमत आजही चुकवली जाते आहे. गवे उसात आणि भातात येतात. २०२१ च्या डिसेंबरात ते कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आले होते. त्या आधीच्या वर्षी पुण्याच्या कोथरूडमध्ये चुकून शिरलेला गवा माणसांच्या गर्दीने आणि पाठलागाने बेजार होऊन मेला. दुसऱ्या बाजूला, राधानगरी तालुक्यातल्या काही सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या आहेत. गव्याला हद्दीबाहेर गवत मिळेनासं झालं, तर त्याने उसाकडे वळू नये असं म्हणायला आपल्याकडे काय तोंड आहे?

वर्गासाठी

हा विषय इतिहास, भूगोल आणि विज्ञान या तिन्ही तासांना घेता येतो. काही सूचना :

१. जिल्ह्याच्या कोऱ्या नकाशात पाऊस, ऊस आणि जंगल तीन रंगांत भरा. तिन्हींच्या सीमा कुठे जुळतात आणि कुठे नाहीत, ते मुलांना शोधू द्या.

२. आजी-आजोबांना विचारा : तुमच्या लहानपणी गावच्या माळावर कोणते प्राणी दिसत? माळ कधी नांगरला गेला? उत्तरं तारखेनिशी लिहून ठेवा. गावाचा असा इतिहास अजून कुणीच लिहिलेला नसेल.

३. जंगलालगतची शाळा असेल, तर कोणत्या महिन्यात, कोणत्या पिकात गवे येतात याची वर्षभराची तक्ता-वही ठेवा. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदी वनखात्यालाही उपयोगी पडतील.

४. वर्गात चर्चा घ्या : एखादं रान राखायचं ठरलं, तर ते कुणी ठरवावं? एका बाजूला वनरक्षक, दुसऱ्या बाजूला शेतकरी, तिसऱ्या बाजूला शहरातला पाणी वापरणारा.

आणि फळ्यावर ते वाक्य पुन्हा लिहाल, तेव्हा त्यापुढे थोडी जागा कोरी ठेवा. 'दाजीपूर, १९५८' याच्या आधी काय होतं आणि नंतर काय झालं, हे त्या जागेत मुलांना लिहू द्या. त्या आठवीतल्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर तिथे मावणार नाही, पण सुरुवात तिथून करता येईल.